माझ्या पुढच्या नंबरचा माणूस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही, आणि मला नुसती कणकण आली तरी ती माझ्याआधी तिला कळते. आमच्या शेजारच्या माणसाची एक खासगी गोष्ट मी त्याला न विचारता बघितली. ती चारचौघांत गंमत म्हणून सांगितली. पुढे तोच माणूस माझ्या घरी मदत मागायला आला, तेव्हा त्याला नियम ऐकवून परत पाठवलं. हे सगळं कुणी केलं ते त्याला अजून माहीत नाही.

मी मूळचा कोकणातला. सरकारी नोकरीनं दादरा-नगर हवेलीत, सिल्वासाला आणलं आणि इथेच राहिलो. सिल्वासातल्या आमलीत ज्या इमारतीत आम्ही भाड्यानं घर घेतलं, तिथे समोरच्या दारात तो राहायचा. साक्रीकडचा, खानदेशी. राखोलीला धाग्याच्या कंपनीत मशीनवर लागला आणि पुढे सुपरवायझर झाला. आम्ही एकाच महिन्यात राहायला आलेलो. दोघांनाही इथला मोबाइल नंबर हवा होता म्हणून एकदमच दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "एकाच पट्टीतले देऊ का?" हा म्हणाला, "द्या ना. हे कोकणातले लोक, गर्दीत हरवले तर शोधायला बरं." माझ्या नंबरचा शेवटचा आकडा आठ आणि त्याचा नऊ. बाकी सगळा सारखा. तेव्हापासून जिन्यात भेटला की म्हणायचा, "काय भाऊ, मी तुमच्या पुढे आहे बरं का. एकानं का होईना!"

तो प्यायचा. लपवून ठेवण्यासारखं काही नव्हतं, सगळ्या मजल्याला ते ऐकू यायचं. इथे दारू मिळवायला कुणाला धडपडावं लागत नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच दोन बार आणि एक दुकान. पलीकडे गुजरातेत बंदी, त्यामुळे शनिवार-रविवार तिकडच्या गाड्यांची इथे रांग लागते. मग एका वर्षी तो बायकोबरोबर सप्तशृंगीला जाऊन आला. देवीला शब्द दिला, असं त्याच्या बायकोनं सांगितलं आणि दारोदार प्रसाद वाटला. त्यानंतर खरंच त्याच्या घरातून आवाज आला नाही. लोक म्हणायचे, याला म्हणतात श्रद्धा. माझी बायको मला चहाच्या तिसऱ्या कपावरून त्याचं उदाहरण द्यायची. कंपनीतही त्याची पत वाढली. सुपरवायझर केलं ते त्यानंतरच.

आता माझ्या कामाचं सांगतो. मी संगणकाचा माणूस. आधी बिलं, मग दाखले, मग जिथे जिथे मशीन बिघडेल तिथे मला बोलावणं. दोनेक वर्षांपूर्वी दारूनं भरलेली एक गाडी नाकाबंदी चुकवताना कंपनीतली पाळी संपवून घरी चालत निघालेल्या बाईला उडवून गेली. गाडी हद्द ओलांडून पसार झाली. इथले पोलीस म्हणाले, ती तिकडची. तिकडचे म्हणाले, ती इथली. हे नेहमीचंच होतं. आमच्याकडे हद्दीचं असं आहे की सिल्वासाहून वापीला जाताना ती तीनदा लागते. आपण बाहेर पडतो, मधे गुजरातची पट्टी, मग दादरा, मग पुन्हा गुजरात. चोराला याहून सोयीचं काय असणार? पण त्या बाईच्या मरणानंतर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसायचं ठरवलं, आणि मोबाइल टॉवरची माहिती एका ठिकाणी आणून कोणते फोन नेमानं इकडून तिकडे जातात ते शोधायचं काम निघालं. त्यासाठी मला घेतलं.

या कामाच्या प्रमुख एक बाई होत्या. वयानं माझ्याहून लहान, पण कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "हजारो माणसं रोज हद्द ओलांडतात. कामाला जातात, लग्नाला जातात, दवाखान्यात जातात. त्यातला कुणीही आपला संशयित नाही. तुम्ही हालचाल बघायची, माणूस बघायचा नाही. माणूस बघावासा वाटला तर माझ्याकडे या आणि कारण लिहून द्या."

मला ते पटलं होतं. नुसतं पटलं नाही, मी ते मन लावून बांधलं. पडद्यावर नंबर दिसायचा तो मधले आकडे झाकून, पुढचे दोन आणि शेवटचे तीन तेवढे दिसत. नाव नाही, पत्ता नाही. हद्दीजवळच्या घरांतले फोन बसल्या जागी कधी इथला टॉवर पकडतात, कधी तिकडचा. बाई भाकरी थापत असते आणि तिचा फोन दहा वेळा गुजरातेत जाऊन येतो. असे घरबसल्या हद्द ओलांडणारे फोन वगळायची युक्ती मी काढली. मॅडमनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. झाकलेला नंबर उघडायची किल्ली दोघांकडेच होती, त्यांच्याकडे आणि माझ्याकडे. माझ्याकडे का, तर यंत्रणा बिघडली तर दुरुस्त कोण करणार.

पहिल्यांदा सगळं चालवून बघितलं तेव्हा नेमानं ये-जा करणाऱ्या फोनांत एक नंबर अगदी वर आला. रोज संध्याकाळी पलीकडे, दिवे लागल्यावर परत. रविवारी सकाळी वापी. शेवटच्या तीन आकड्यांकडे मी बघत राहिलो. माझ्याच नंबरचे शेवटचे तीन आकडे, फक्त आठच्या जागी नऊ.

हजार नंबरांचे शेवटचे तीन आकडे तेच असू शकतात, हे मला त्याच क्षणी कळत होतं. मी उठून मॅडमकडे जायला हवं होतं. पण कारण काय लिहिणार? "शेजाऱ्याचा वाटतो म्हणून"? मनात म्हटलं, फक्त खात्री करून घेऊ. माझा मित्र यात अडकला असेल तर आधी मला कळलेलं बरं. असं स्वतःला सांगितलं आणि किल्ली लावली.

तोच होता. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे त्याचे सगळे फोन बघितले. संध्याकाळी तो जिथे जायचा ती जागा लवाछाच्या बाजूला, हद्दीच्या थोडं पलीकडे. तिथे एक चहाची टपरी आहे, मीही त्या रस्त्यानं कितीदा गेलोय. तिथे त्याचा फोन दोन-दोन तास हलायचा नाही. कुणाला लावायचा नाही, कुणाचा घ्यायचा नाही. फक्त एका वापीच्या नंबराला कधीमधी फोन, तो बहुतेक पगाराच्या दिवशी. तो नंबर कुणाचा ते मी शोधून काढलं. दारू सोडू पाहणारे लोक रविवारी एकत्र बसतात, त्या बैठकीची जबाबदारी घेणाऱ्या गृहस्थांचा होता.

मग सगळं कळलं. देवीला शब्द देऊन दारू सुटली नव्हती. ती रोज संध्याकाळी नव्यानं सोडावी लागत होती. पाळी संपली की घरी यायच्या वाटेवर दोन बार आणि एक दुकान. म्हणून तो स्कूटर उलट्या दिशेला घालायचा, दारूबंदीच्या राज्यात जाऊन टपरीवर बसायचा आणि ती वेळ टळली की परतायचा. तिकडे चोरून मिळत नाही असं नाही. पण समोर पाटी लावलेली नसते, ग्लासांचा आवाज येत नसतो. बायकोला सांगायचा, कंपनीत जादा काम आहे. देवीच्या शब्दावर सगळ्या मजल्याचा विश्वास होता, तो त्याला मोडायचा नव्हता.

मला त्या वेळी त्याच्याबद्दल फार आदर वाटला. खरं सांगतो, वाटला. पण आदर वाटला म्हणून काय केलं? काही नाही. मॅडमना सांगून तो नंबर काढून टाकायचा तर मी तो उघडला हे सांगावं लागणार. मी गप्प बसलो. झाकलेला तो नंबर यादीत तसाच वर राहिला.

थंडीत आमच्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. मुलांची नाच-गाणी झाली, मग जेवणं. मसालेभात, मठ्ठा, जिलबी. मी ताट घेऊन उभा होतो. तिथे त्याच्याच कंपनीचा सुरक्षा अधिकारी आला. सैन्यातून निवृत्त झालेला, आवाज मोठा. त्याच्याबरोबर आणखी दोघे.

"काय साहेब," तो म्हणाला, "माणूस शिंकला तरी म्हणे आता तुम्हाला कळतं!"

"शिंकला तर नाही," मी म्हटलं. "शिंकायला पलीकडे गेला तर कळतं."

हसले सगळे. मी एरवी अशा ठिकाणी कोपरा धरून उभा राहणारा. लोक हसले की मला काय होतं ते त्या दिवशी कळलं.

"आमच्या कंपनीतलं आहे का हो कुणी? नाव नका सांगू. नुसती मान हलवा."

इथे मी "माहीत नाही" म्हणू शकत होतो. त्याऐवजी म्हटलं, "हद्दीवर सगळ्यात जास्त फेऱ्या तुमच्याच कंपनीच्या माणसाच्या आहेत."

त्याचा चेहरा एकदम बदलला. "माल नेतो?"

"छे हो! उलटंच. सगळी दुनिया प्यायला इकडे येते, आणि हा गडी न पिण्यासाठी तिकडे जाऊन बसतो!"

काय हसले! एकाच्या हातातला मठ्ठा सांडला. मीही हसलो. मी त्याला निर्दोषच तर सांगत होतो, असं मी नंतर कितीदा मनाला समजावलंय.

"रोज जातो?" सुरक्षा अधिकाऱ्यानं विचारलं.

"रोज. आणि रविवारी वापीला, दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीला."

तो जवळ सरकला. मग हळूच म्हणाला, "पहिल्या पाळीचा का? स्कूटरवाला? आमचे देवीवाले?"

मी जिलबी तोंडात टाकली. "मी काही बोललो नाही हं," म्हटलं.

नाव मी घेतलं नाही, हे अगदी खरं आहे.

पुढचं मला बायकोकडून कळत गेलं, तिला त्याच्या बायकोकडून. आधी गेटवर त्याच्या स्कूटरची डिकी उघडून बघायला लागले. रोज, त्याची एकट्याची. मग खाली काम करणारी पोरं विचारायला लागली, "काय साहेब, आज हद्द ओलांडली का?" कुणी म्हणायचं, "देवीनं व्हिसा दिला का?" त्याचा अर्थ त्याच्या बायकोला लागत नव्हता. मग कंपनीनं त्याला मशीनच्या विभागातून काढून माल चढवण्याच्या विभागात टाकलं. पिणाऱ्या माणसाला चालत्या मशीनपाशी कसं ठेवणार, असं कारण दिलं. तेव्हा तो पीत नव्हता. हे साऱ्या सिल्वासात त्याच्याखेरीज मलाच पक्कं माहीत होतं.

"कुणीतरी चुगली केली असणार," बायको पोळी वाढताना म्हणाली. "लोकांना काय मिळतं असलं करून?"

मी म्हटलं, "अर्धीच वाढ."

मग एका रविवारी सकाळी तो आमच्याकडे आला. त्या वेळी तो वापीला असायचा, म्हणून दार उघडल्यावर मी दचकलो. सोफ्याच्या कडेवर बसला. दाढी वाढलेली.

"भाऊ, एक विचारू का? रागावू नका."

"विचारा ना."

"तुमच्या त्या मशीनमध्ये माझं नाव कुठे लागलंय का, बघता येईल का? मी काही वाईट काम नाही केलं हो. पण मी कुठे जातो, कधी जातो, सगळं गेटवर माहीत होऊन राहिलंय. बायकोलाही नाही सांगितलं ते त्यांना माहीत आहे."

आणि मी, ज्याला सगळं माहीत होतं, त्याला विचारलं, "का, तुम्ही कुठे जाता?"

त्यानं फरशीकडे बघितलं. "चहा प्यायला."

"मग त्यात घाबरायचं काय?"

"चहाचं नाही हो भाऊ," तो म्हणाला आणि मान वर केली. तो सांगणार होता. मला ते स्पष्ट दिसलं. कुणाला तरी सांगून मोकळं व्हायचं म्हणूनच तो रविवारची बैठक सोडून माझ्याकडे आला होता. आत बायको चहा गाळत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. त्यानं सांगितलं असतं तर मला आश्चर्य वाटल्याचं नाटक करावं लागलं असतं. ते माझ्यानं झालं नसतं. मी घाईनं बोललो.

"असं कुणाचं नाव बघता येत नाही. नियम आहे. प्रत्येकाची प्रायव्हसी असते ना."

तो मान हलवून म्हणाला, "हां, ते बरोबर आहे. नियम पाहिजेच. उगाच कुणाचं कुणी बघू नये. चुकलं माझं, तुम्हाला अडचणीत टाकायला नको होतं."

चहा पिऊन गेला. जाताना चपला घालताना पुन्हा एकदा म्हणाला, "राग नाही ना?"

त्यानंतर त्यानं पलीकडे जाणं सोडलं. जाणार कुठे? टपरीवर कंपनीचं कुणी ना कुणी मुद्दाम बघायला येऊन थांबत असणार. त्याचं जाणं थांबलं हे मला कुणी सांगितलं नाही. मी पुन्हा किल्ली लावून बघितलं. संध्याकाळी त्याचा फोन आता हद्दीकडे जात नव्हता, आमलीतल्याच टॉवरवर असायचा. काही आठवड्यांनी यंत्रणेनं त्याचा नंबर आपोआप वगळला. नियमच तसा केला होता मी. हद्द ओलांडणं थांबलं की संशय संपला. तो पुन्हा प्यायला लागला, त्याच सुमाराला आमचा संगणक त्याला निर्दोष म्हणाला.

समोरच्या दारातून पुन्हा आवाज यायला लागले. मी टीव्ही मोठा करायचो.

टोळी पकडली गेली हेही सांगायला हवं. त्याच यंत्रणेनं पकडली, आणि अगदी रीतीनं. चार-पाच फोन ठरावीक दिवशी एकामागून एक पलीकडे जायचे, पुढचा फोन रस्ता मोकळा आहे का बघायचा. मॅडमनी कारण लिहिलं, परवानगी घेतली, मग नंबर उघडले. त्या बाईला उडवणारी गाडीही त्यांचीच निघाली. तिच्या नवऱ्यानं कार्यालयात येऊन हात जोडले. यंत्रणा वाईट होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिला वापरायची जी रीत सांगितली होती, तीही चांगलीच होती. कारण लिहायला बसलो असतो तर पेन अडलं असतं, आणि तिथेच थांबलो असतो. त्यासाठीच तो नियम होता.

काम संपल्यावर छोटी बैठक झाली. मॅडम म्हणाल्या, "मला सगळ्यात समाधान कशाचं आहे सांगू? एकाही निरपराध माणसाची गोष्ट या खोलीबाहेर गेली नाही." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्यानंतर आठवड्याभरात मी त्यांना एक सुधारणा सुचवली. कुणीही नंबर उघडला की त्याची आपोआप नोंद व्हावी, किल्ली कुणाचीही असो. त्यांना ती फार आवडली. आता नोंद होते. माझ्यानंतरच्या प्रत्येकाची होते.

गेल्या उन्हाळ्यात तो घर सोडून गावी गेला. कंपनीनं काढलं नव्हतं, त्यानंच सोडलं. टेम्पोत कपाट चढवायला मी हात लावला. त्याची बायको माझ्या बायकोच्या गळ्यात पडून रडली. मग मला म्हणाली, "देवीला दिलेला शब्द मोडला यांनी, भाऊजी. मग असं होणारच. कुणाला बोल लावणार?" तो शेजारीच उभा होता. त्याची बायको समजत होती की देवळातून आल्यापासून तो मनानं खंबीर होता आणि एक दिवस उगाच घसरला. रोजची ती स्कूटर, ती टपरी, तिला माहीतच नव्हती. त्याच्या बाजूनं साक्ष देऊ शकेल असा मी एकटा तिथे होतो. मी दोरी घट्ट केली.

टेम्पो सुटताना त्यानं खिडकीतून मान काढली. "नंबर तोच ठेवतो, भाऊ. तुमच्या पुढचा. विसरायचा म्हटलं तरी विसरणार नाही!"

विसरत नाही. घरी वायफायचं बिल भरताना, गॅस नोंदवताना, बँकेत, जिथे कुठे माझा नंबर टाकतो तिथे शेवटच्या आकड्यापाशी बोट थांबतं. कधी आठच्या जागी नऊ दाबतो आणि पुसतो. मधे एकदा पूर्ण लावलाही. पहिली घंटा वाजताच बंद केला. त्यानंच उलटा फोन केला, "काय भाऊ, चुकून लागला का?" मी हो म्हटलं. तब्येत विचारली. "चालू आहे," म्हणाला. आवाजावरून कळत होतं.

तेव्हा आता सरळ लिहितो. मॅडमना मी सांगायला हवं की त्यांचं ते वाक्य खरं नव्हतं, आणि ते खोटं माझ्यामुळे पडलं. साक्रीला जाऊन त्याला सांगायला हवं की त्याचा फोन मी बघितला, मंडळाच्या जेवणात ती गंमत मी केली, आणि त्या रविवारी त्याला परत पाठवलं तेव्हाही मला सगळं माहीत होतं. आणि तो सांगू देईल तर त्याच्या बायकोला सांगायचं आहे की तिचा नवरा रोज संध्याकाळी शब्द पाळत होता, मी त्याची बसायची जागा मोडेपर्यंत. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.